कुष्ठरोग : शरीरावरील परिणाम आणि निदान

कुष्ठरोग हा मायकोबॅक्टेरियम लेप्री या जिवाणूमुळे होणारा, अत्यंत संथ गतीने वाढणारा संसर्गजन्य आजार असून त्वचा, हातापायांचे आणि चेहऱ्याचे मज्जातंतू, नाकाच्या आतील त्वचा तसेच डोळे यांवर त्याचा प्रामुख्याने परिणाम होतो. औषधांनी तो पूर्ण बरा होतो आणि ही औषधे देशभरातील सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये विनामूल्य दिली जातात. तरीही २०२३ मध्ये जगात नोंदल्या गेलेल्या सुमारे १ लाख ८२ हजार नव्या रुग्णांपैकी १ लाख ७ हजारांहून अधिक रुग्ण एकट्या भारतातील होते, असे जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी दर्शवते. औषधाने जंतू मरतात; परंतु नष्ट झालेला मज्जातंतू औषधाने पुन्हा कार्यक्षम होत नाही. त्यामुळे या आजारात निदान झाले की नाही, याइतकेच ते केव्हा झाले यालाही महत्त्व आहे.

संथ जंतू

नॉर्वेतील बर्गन शहरात १८७३ मध्ये डॉ. गेरहार्ड आर्मॉअर हॅन्सन यांना रुग्णांच्या शरीरावरील गाठींतून घेतलेल्या द्रवात काडीच्या आकाराचे सूक्ष्म जीव आढळले. तोवर हा आजार आनुवंशिक आहे, असे युरोपातील बहुसंख्य वैद्यक मानत होते. मानवी आजाराशी ज्यांचा संबंध सर्वप्रथम जोडला गेला, अशा जिवाणूंमध्ये याची गणना होते. असे असूनही, दीडशे वर्षे उलटल्यानंतरही हा जंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमात वाढवण्यात शास्त्रज्ञांना यश आलेले नाही. १९६० मध्ये तो उंदराच्या तळपायात आणि १९७१ मध्ये अमेरिका खंडात आढळणाऱ्या, अंगावर कवच असलेल्या आर्माडिलो या प्राण्यामध्ये वाढवता आला. आजही संशोधकांना याच दोन प्राण्यांवर अवलंबून राहावे लागते.

या परावलंबित्वाचे कारण त्याच्या जनुकसंचात सापडते. क्षयरोगाच्या जंतूचा हा जवळचा नातेवाईक आहे. मात्र २००१ मध्ये त्याच्या जनुकसंचाचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील निम्म्याहून कमी भागातच कार्यक्षम जनुके उरल्याचे दिसून आले. शेकडो जनुके निकामी अवस्थेत पडून आहेत. स्वतंत्रपणे जगण्याची साधने गमावलेला हा जीव दुसऱ्याच्या पेशीतच राहू शकतो आणि तेथेही घाई करत नाही. अन्य अनेक जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. कुष्ठरोगाच्या जंतूला त्यासाठी सुमारे १२ ते १४ दिवस लागतात. साहजिकच संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात. काहींच्या बाबतीत वर्षभरातच लक्षणे दिसतात, तर काहींना वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आपल्याला हा आजार कोणाकडून झाला, या प्रश्नाचे उत्तर रुग्णाला बहुधा मिळत नाही, ते यामुळेच.

उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून, दीर्घकाळच्या निकट सहवासात हा जंतू पसरतो. हस्तांदोलन, एका पंगतीत जेवण, शेजारी बसून प्रवास यांमुळे तो पसरत नाही. शिवाय ९५ टक्क्यांहून अधिक लोकांमध्ये त्याला रोखण्याची नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. उपचार सुरू होताच रुग्णाकडून इतरांना होणारा संसर्ग थांबतो. जुन्या समजुतींच्या तुलनेत हा आजार किती कमी संसर्गजन्य आहे, हे लक्षात घेतले तर रुग्णांना गावाबाहेर काढण्यामागे वैद्यकीय कारण फारच थोडे होते, असे म्हणावे लागते.

भारतीय उपखंडात हा आजार फार जुना आहे. राजस्थानात उदयपूरजवळील बालाथल येथे झालेल्या उत्खननात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा एक सांगाडा मिळाला होता. त्याच्या कवटीवर, विशेषतः नाकाभोवतीच्या हाडांवर, कुष्ठरोगाशी जुळणाऱ्या खुणा असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद करण्यात आले. प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथांतही त्वचेच्या बधिरतेचे वर्णन येते. मात्र त्या ग्रंथांतील 'कुष्ठ' या शब्दात त्वचेचे अनेक वेगवेगळे विकार सामावलेले आहेत, याचे भान ठेवूनच ती वर्णने वाचावी लागतात.

मज्जातंतूच का?

कुष्ठरोग त्वचेवर दिसतो आणि म्हणून तो त्वचारोग समजला जातो. वस्तुतः त्वचेवरील चट्टा ही त्याची खूण असते. त्याचे खरे घर मज्जातंतूंमध्ये असते. मज्जातंतूंच्या धाग्यांभोवती श्वान पेशी नावाच्या आधार देणाऱ्या पेशींचे वेष्टण असते. आपल्या शरीरातील अनेक जिवाणूंपैकी मज्जातंतूंच्या या वेष्टणात शिरून तेथे वस्ती करण्याची क्षमता कुष्ठरोगाच्या जंतूने विशेषत्वाने कमावली आहे. जंतूच्या बाह्य आवरणातील एक स्निग्ध पदार्थ या पेशींभोवतीच्या प्रथिनाला नेमका चिकटतो आणि त्या वाटेने जंतू आत प्रवेश करतो.

दुसरे कारण तापमानाचे आहे. या जंतूला ३० ते ३३ अंश सेल्सिअस म्हणजे शरीराच्या सर्वसाधारण तापमानापेक्षा थोडा थंडावा मानवतो. कानाच्या पाळ्या, नाक, भुवया, डोळ्याचा पुढचा भाग, हातपाय आणि पुरुषांमध्ये वृषण हे शरीराचे तुलनेने थंड भाग होत. काख, जांघ आणि केसाळ टाळू हे उबदार भाग सहसा रोगापासून दूर राहतात. मज्जातंतूंच्या बाबतीतही हाच नियम दिसतो. ते जेथे हाडाला लागून, त्वचेच्या अगदी खालून जातात, तेथेच त्यांना सूज येते. कोपराच्या आतील बाजूस असलेला अल्नर मज्जातंतू, मनगटाजवळचा मीडियन मज्जातंतू, गुडघ्याच्या बाहेरील अंगाला थोडा खाली हाडाला वळसा घालून जाणारा मज्जातंतू, पायाच्या आतील घोट्यामागचा पोस्टेरिअर टिबिअल मज्जातंतू, मानेच्या बाजूने कानाकडे जाणारा मज्जातंतू आणि चेहऱ्याच्या स्नायूंना चालना देणारा मज्जातंतू हे त्यांपैकी प्रमुख आहेत. कोपर कठड्याला आपटल्यावर करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती ज्या मज्जातंतूमुळे जाते तोच कुष्ठरोगात सर्वाधिक वेळा बाधित होतो.

मज्जातंतू तीन प्रकारची कामे करतात आणि ती तिन्ही या आजारात बिघडतात. संवेदना वाहून नेणारे धागे बाधित झाल्यावर स्पर्श, उष्णता, गारवा आणि वेदना कळेनाशी होते. स्नायूंना हुकूम देणारे धागे बाधित झाल्यावर अशक्तपणा आणि पुढे लुळेपणा येतो. घाम आणि त्वचेतील स्निग्धता यांवर नियंत्रण ठेवणारे धागे निकामी झाले की त्वचा कोरडी पडते, तिला भेगा जातात. घामाने भिजलेल्या पाठीवर एकच चट्टा कोरडा राहिलेला दिसणे ही म्हणूनच अतिशय बोलकी खूण असते.

एकाच जंतूची अनेक रूपे

दोन कुष्ठरुग्ण शेजारी उभे केले तर त्यांना एकच आजार आहे यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसणार नाही, इतकी या रोगाची रूपे भिन्न असतात. हा फरक रुग्णाच्या प्रतिकारशक्तीमुळे पडतो. जंतू तोच असतो. प्रतिकार प्रबळ असेल तर अंगावर एक किंवा मोजके चट्टे उठतात. त्यांच्या कडा ठळक असतात, त्यांवरील केस गळालेले असतात आणि तेथील संवेदना स्पष्टपणे हरपलेली असते. अशा चट्ट्यात जंतू शोधूनही सापडत नाहीत. मात्र शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकाराच्या धुमश्चक्रीत जवळचा मज्जातंतू लवकर जखमी होतो.

प्रतिकार दुबळा असेल तर चित्र नेमके उलट असते. जंतू अमर्याद वाढतात आणि शरीर त्यांची दखलच घेत नाही. त्वचा सर्वत्र थोडी जाड, तुकतुकीत आणि तेलकट दिसू लागते. कानाच्या पाळ्या जाड होतात, त्यांवर गाठी येतात, भुवयांचे केस बाहेरच्या टोकाकडून विरळ होत जातात, नाक चोंदते, कधी नाकातून रक्त येते, पावलांवर सूज राहते. अशा रुग्णाच्या अंगावर सुरुवातीला बधिर चट्टा नसतोही. उलट त्याची त्वचा निरोगी आणि चमकदार दिसते, असे आप्तेष्ट कौतुकाने सांगतात. या काळात तोच आजाराचा सर्वाधिक प्रसार करत असतो. उपचारांअभावी रोग वाढत गेल्यास नाकाचा पूल आतून झिजून नाक बसते.

या दोन टोकांच्या मध्ये बहुतांश रुग्ण असतात. १९६६ मध्ये रिडले आणि जॉपलिंग या तज्ज्ञांनी या पट्ट्याचे पाच विभाग केले आणि विशेषज्ञ आजही ते वर्गीकरण वापरतात. आरोग्य केंद्रातील कामासाठी मात्र सोपी विभागणी केली जाते. चट्टे पाचपर्यंत असल्यास अल्पजंतुयुक्त आणि पाचाहून अधिक असल्यास बहुजंतुयुक्त कुष्ठरोग. चट्टे कितीही असोत, त्वचेच्या नमुन्यात जंतू आढळल्यास रुग्ण बहुजंतुयुक्त गटात धरला जातो.

बधिरतेची किंमत

कुष्ठरोगात बोटे झडतात, ही समजूत जगभर इतकी रुजली होती की डॉक्टरही तिच्यातून सुटलेले नव्हते. ती खोडून काढण्यात भारतात झालेल्या कामाचा मोठा वाटा आहे. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ च्या अखेरीस रुजू झालेले अस्थिशल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या प्रत्येक नव्या जखमेचे कारण शोधण्याचा परिपाठ ठेवला. तेव्हा असे दिसून आले की बोटे रोगामुळे सडत नव्हती. ती भाजत होती, कापली जात होती, चिरडली जात होती आणि वेदनाच नसल्याने रुग्ण तोच हात पुन्हा कामाला जुंपत होता. काही रुग्णांची बोटे रात्रीतून आखूड होत होती, त्याचे कारण तर अगदी अनपेक्षित निघाले. झोपेत उंदीर ती कुरतडत होते. त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरी पाळायला देण्यात आल्या.

वेदना ही शरीराची पहारेकरी आहे. ती गेली की साधी कामेही धोक्याची ठरतात. चुलीवरचे गरम पातेले उचलताना तळहात भाजतो आणि ते फोड आल्यावर कळते. विडी बोटांपर्यंत जळत येते. चपलेत अडकलेला खडा दिवसभर तळपायात रुतत राहतो. निरोगी माणूस लांब चालताना नकळत पावलावरील भार बदलत असतो, लंगडतो, थांबतो. बधिर पाऊल मात्र एकाच जागी दाब घेत राहते आणि तेथे व्रण पडतो. व्रणात जंतुसंसर्ग होतो, तो हाडापर्यंत जातो, हाड झिजते आणि शरीर ते हळूहळू शोषून घेते. अशा रीतीने बोटे आखूड होत जातात. व्रण भरून आला, तरी त्या जागेची त्वचा पूर्वीसारखी लवचीक राहत नाही आणि पुन्हा तेथेच जखम होते.

अल्नर मज्जातंतूचे काम थांबल्यावर करंगळी आणि अनामिका आत वळतात, मीडियन मज्जातंतूही बाधित झाल्यास सर्व बोटे पंजासारखी वाकतात आणि अंगठा इतर बोटांसमोर येत नाही. शर्टाचे बटण लावणे, भाकरी थापणे, नाणे उचलणे अशी कामे अशक्य होतात. गुडघ्याजवळील मज्जातंतू निकामी झाल्यावर पाऊल वर उचलता येत नाही, ते लुळे लोंबते आणि रुग्ण गुडघा उंच उचलून चालू लागतो. चेहऱ्याचा मज्जातंतू बाधित झाल्यास डोळा पूर्ण मिटत नाही. त्याच वेळी बुबुळाची संवेदनाही गेलेली असेल, तर धूळ किंवा कचरा गेल्याचे कळत नाही, पापणी लवत नाही आणि बुबुळावर व्रण पडून दृष्टी जाऊ शकते. हातापायांची संवेदना गेलेल्या माणसाला डोळ्यांनी पाहूनच स्वतःला जपावे लागते. त्याची दृष्टी जाणे हे म्हणून दुहेरी संकट असते.

अचानक उसळणारी सूज

हा आजार संथ असला, तरी त्याची एक अवस्था तातडीची असते. उपचारांपूर्वी, उपचार चालू असताना किंवा ते संपल्यानंतरही प्रतिकारशक्ती एकाएकी उसळी घेऊ शकते. हिला कुष्ठ-प्रतिक्रिया म्हणतात. एका प्रकारात जुने चट्टे लाल होऊन सुजतात आणि मज्जातंतू दुखू लागतात. थोड्या दिवसांत हाताची किंवा पायाची शक्ती जाऊ शकते. दुसरा प्रकार जंतूंची संख्या अधिक असलेल्या रुग्णांत दिसतो. त्यात ताप येतो, अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठतात, सांधे धरतात, डोळे लाल होऊन दुखतात. औषधामुळेच हे झाले असे समजून अनेक रुग्ण गोळ्या बंद करतात. ते सर्वस्वी चुकीचे आहे. कुष्ठरोगाची औषधे चालूच ठेवायची असतात आणि सूज उतरवण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोनसारखे औषध जोडीला द्यायचे असते. मज्जातंतूची हानी सहा महिन्यांच्या आतील असेल, तर अशा उपचारांनी गेलेली शक्ती आणि संवेदना परत येण्याची शक्यता असते. त्यानंतर ती झपाट्याने घटत जाते. कधी कधी तर कोणत्याही वेदनेविना मज्जातंतू निकामी होत जातो. नियमित तपासणीखेरीज हे उघडकीस येत नाही.

निदान : उजेड, पेन आणि बोटे

एवढ्या गुंतागुंतीच्या आजाराचे निदान बव्हंशी साध्या साधनांनी होते. पुढील तीन लक्षणांपैकी एक जरी निश्चित आढळले, तरी कुष्ठरोगाचे निदान केले जाते. फिकट अथवा लालसर चट्ट्यातील संवेदना निश्चितपणे हरपलेली असणे. मज्जातंतू जाड झालेला असून त्याच्या क्षेत्रात बधिरता किंवा स्नायूंचा अशक्तपणा असणे. आणि त्वचेच्या नमुन्यात कुष्ठरोगाचे जंतू सापडणे.

तपासणी दिवसाच्या उजेडात करायची असते, कारण विजेच्या पिवळ्या प्रकाशात फिकट चट्टा नजरेतून निसटतो. ती संपूर्ण शरीराची करायची असते. पाठ, नितंब आणि मांड्यांची मागची बाजू रुग्णाला स्वतःला दिसत नाही. आडोसा आणि स्त्रियांसाठी स्त्री तपासनीस यांची सोय नसेल तर तपासणी चेहरा आणि हातांपुरतीच उरते. घरोघरी जाणाऱ्या शोधपथकात आशा कार्यकर्तीसोबत एक पुरुष कार्यकर्ता असतो, त्यामागे हाच विचार आहे.

चट्टा सापडल्यावर बॉलपेनच्या टोकाने त्याला हलका स्पर्श केला जातो. आधी रुग्णाला डोळे उघडे ठेवून काय करणार ते दाखवले जाते, नंतर डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर आणि निरोगी त्वचेवर आलटून पालटून स्पर्श केला जातो. येथे एक बारकावा आहे. 'कळले का?' असे विचारायचे नसते, कारण तो प्रश्नच स्पर्श झाल्याची सूचना देतो. रुग्णाने स्पर्शाच्या जागी स्वतः बोट ठेवायचे असते. चेहऱ्यावरील चट्ट्यात मात्र ही चाचणी फसवी ठरू शकते. तेथे मज्जातंतूंचे जाळे इतके दाट असते की आजार असूनही संवेदना बऱ्याच अंशी शिल्लक राहते. लहान मुलांच्या बाबतीतही उत्तरांवर विसंबता येत नाही.

यानंतर मज्जातंतू बोटांनी चाचपले जातात. कोपर किंचित वाकवून, हाडाच्या खोबणीत बोट हलकेच सरकवून दोन्ही बाजूंची तुलना करायची असते. जाड झालेला मज्जातंतू दोरीसारखा लागतो. तपासनीसाने त्या वेळी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहायचे असते. मज्जातंतू दुखरा असेल तर ते चेहऱ्यावर आधी उमटते. मग स्नायूंची शक्ती पाहिली जाते. डोळे घट्ट मिटणे, करंगळी बाजूला ताणणे, अंगठा वर उचलणे, मनगट आणि पाऊल वर वळवणे या हालचाली प्रतिकार देऊन तपासतात आणि सशक्त, अशक्त वा लुळे अशी नोंद करतात. तळहात आणि तळपायांसाठी ठरावीक दाबाला वाकणारे नायलॉनचे तंतू वापरले जातात. किती जाड तंतूचा स्पर्श कळतो यावरून बधिरतेची पातळी ठरते. ही तपासणी दर महिन्याला तशीच केली तर चोरपावलांनी येणारी हानी पकडता येते.

त्वचेचा नमुना घेण्याची पद्धत जुनी पण आजही उपयुक्त आहे. कानाच्या पाळीची किंवा चट्ट्याच्या कडेची त्वचा चिमटीत दाबून रक्तहीन केली जाते, तेथे सुमारे पाच मिलिमीटर लांब आणि दोन-तीन मिलिमीटर खोल छेद देऊन पात्याने आतला द्रव खरवडला जातो. काचपट्टीवर पसरून रंगवल्यावर निळ्या पार्श्वभूमीवर जंतू लाल काड्यांसारखे दिसतात. त्यांच्या संख्येनुसार शून्य ते सहा असा जंतुनिर्देशांक दिला जातो. नमुन्यात जंतू न मिळणे म्हणजे आजार नसणे असे मात्र नव्हे. अल्पजंतुयुक्त रुग्णांत ते मिळतच नाहीत. शंका उरल्यास त्वचेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. जंतूच्या डीएनएचा शोध घेणारी पीसीआर चाचणी मोठ्या केंद्रांत उपलब्ध आहे. मात्र प्रत्येक रुग्णात, आणि तेही सुरुवातीलाच, आजार ओळखील अशी रक्तचाचणी अद्याप हाती आलेली नाही.

चकवणारे आजारही अनेक आहेत. कोडाचे डाग दुधासारखे पांढरे असतात आणि त्यांवर संवेदना शाबूत असते. कुष्ठरोगाचा चट्टा तसा पांढराशुभ्र कधीच नसतो. या एका गोष्टीच्या अज्ञानापायी कोड असलेल्या व्यक्तींनी निष्कारण सोसलेला दुरावा फार मोठा आहे. गजकर्ण खाजते, कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही. शिब्यांवर बारीक कोंडा असतो. जन्मखूण जन्मापासून असते. मधुमेहातही पाय बधिर होतात, पण मज्जातंतू दोरीसारखे जाड होत नाहीत. याउलट, चट्टा अजिबात नसून केवळ मज्जातंतूच बाधित झाले आहेत असा प्रकार भारतात तुलनेने अधिक आढळतो आणि असे रुग्ण अनेकदा अस्थितज्ज्ञांकडे वा मेंदूविकारतज्ज्ञांकडे फिरत राहतात.

शब्दांचा प्रश्न

भारताने डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट गाठले. इंग्रजीत त्याला 'एलिमिनेशन' म्हणतात. देवीच्या रोगाप्रमाणे आजार समूळ नाहीसा होणे म्हणजे 'इरॅडिकेशन'. मराठीत या दोहोंसाठी 'निर्मूलन' हा एकच शब्द सर्रास वापरला जातो आणि आजार संपला असा समज होतो. महाराष्ट्रात या कार्यक्रमासाठी रूढ असलेला 'दूरीकरण' हा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. 'महारोग' हा शब्दही आता मागे पडला आहे आणि तो मागेच राहावा. दत्तपूरला १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी सुरू केलेले काम असो किंवा बाबा आमटे यांचे १९४९ मधील आनंदवन, महाराष्ट्रात संस्थांच्या नावांत तो शब्द सेवेच्या जोडीने आला. बोलण्यात मात्र तो शिवीसारखा वापरला गेला. कायद्यालाही बदलायला वेळ लागला. रुग्णांना वेगळे डांबण्याची तरतूद असलेला १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी २०१९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आल्या. चट्टा लपवण्यामागे ही भीती असते आणि लपवलेल्या प्रत्येक महिन्यात मज्जातंतूंची हानी वाढत जाते.

उपचार आणि त्यानंतर

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेला बहुविध औषधोपचार हाच आजही उपचारांचा पाया आहे. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही त्यातील औषधे होत. अल्पजंतुयुक्त रुग्णांना सहा महिने आणि बहुजंतुयुक्त रुग्णांना बारा महिने ती घ्यावी लागतात. रिफाम्पिसिनने लघवीचा रंग तांबूस होतो, तो दिवसभरात निवळतो. क्लोफाझिमिनमुळे त्वचा काळसर होते. उपचार संपल्यावर काही महिन्यांत ती पूर्ववत होते. हे आधीच सांगितले नाही तर रुग्ण, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुली, गोळ्या सोडून देतात.

बधिरता कायम राहिलेल्या व्यक्तींनी रोज हातपाय न्याहाळणे, पाण्यात भिजवून कडक त्वचा हलकेच घासून काढणे आणि लगेच तेल लावणे आवश्यक असते. मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या, एमसीआर नावाने ओळखल्या जाणाऱ्या चपला कार्यक्रमातून दिल्या जातात. वाकलेली बोटे किंवा लुळे पाऊल यांवर स्नायुबंध फिरवण्याची शस्त्रक्रिया करता येते. बंद न होणाऱ्या डोळ्यावरही शस्त्रक्रियेचा उपाय आहे.

नवा रुग्ण सापडल्यावर त्याच्या घरातील आणि निकट सहवासातील सर्वांची तपासणी केली जाते. ज्यांच्यात लक्षणे नाहीत, त्यांना रिफाम्पिसिनची एक मात्रा प्रतिबंधक म्हणून दिली जाते. बांगलादेशात झालेल्या मोठ्या अभ्यासात या एका मात्रेने पहिल्या दोन वर्षांत नव्या रुग्णांचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे आढळले होते. ही मात्रा देण्यापूर्वी रुग्णाची संमती घेतली जाते, कारण शेजाऱ्यांना गोळी देणे म्हणजे एका अर्थाने आपल्या आजाराची वाच्यता करणे असते.

औषधांचा कोर्स पूर्ण झाल्यावर रुग्ण बरा झाल्याची नोंद होते. त्यानंतरही फिकट चट्टा बराच काळ दिसू शकतो आणि मृत जंतू त्वचेतून नाहीसे व्हायला काही वर्षे लागतात; जंतुनिर्देशांक वर्षाला साधारण एका अंकाने उतरतो. केवळ त्यावरून आजार उलटला असे समजू नये. नवा चट्टा, मज्जातंतूत वेदना, हातापायातील नवा अशक्तपणा किंवा लाल झालेला डोळा यांपैकी काहीही आढळल्यास मात्र त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.